खमंग शब्दाचं कार्ड

“अवं, खमंग म्हंजे काय व?” जीवराम कारकुनाने चुलीपाशी पाटावर बसून विचारलं, आणि त्याच्या बायकोची, कुंदाबाईची पळी हवेतच थांबली.

प्रश्न घरचा नव्हता. सत्त्याऐंशी साली पुण्याच्या एका कोशमंडळाने चोपड्यातल्या त्याच्या शाळेला शब्द वाटून दिले होते. प्रत्येकाचा अर्थ आणि उगम कार्डावर लिहून धाडायचा. मराठीच्या सरांनी ‘वात्सल्य’ उचललं, ड्रिलमास्तरांच्या वाट्याला ‘करुणा’ आली, आणि ‘खमंग’ एकमताने जीवरामकडे. गावात त्याच्याएवढा खाण्याचा दर्दी नव्हता ना! लग्नात वरण-बट्टीची बट्टी तळून निघाली की आचारी पहिला घास त्यालाच देई. जीवराम डोळे मिटून “वा!” म्हणे, मगच पंगत बसे.

आता गंमत अशी, की एकोणिसाव्या वर्षी टायफॉइड झाला त्यात जीवरामचं नाक गेलं होतं. म्हणजे जागेवर होतं, चष्मा नीट धरत होतं. वास तेवढा येत नव्हता. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, कुंदाबाईला तर नाहीच. बावीस वर्षं तिने जीव ओतून रांधलं होतं. तिला कळलं तर ते सगळंच्या सगळं वाया जाईल, या धास्तीने तो रोज जेवत होता.

“लिखा,” कुंदाबाई म्हणाली. “रस्तानी जानारा मानूस ज्यानाकरता उभा ऱ्हास, ते खमंग.”

“आन हाऊ शबद उना कोठून?”

“चुलावरथीन.”

जीवरामने इमानदारीने ‘उगम : चूल’ लिहिलं. मग पेन अडलं. “पन तो मानूस उभा का ऱ्हास?”

कुंदाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

“तुम्हले वास येत नही,” ती म्हणाली.

कार्ड खाली पडलं. “तुले कव्हय कयनं?”

“लगीननंतर चौथा दिन. चुलावर तुरनी दाय पार जयी गयी, कोयसा व्हयनी. बठ्ठं घर नाक दाबत आंगनमा पयनं. तुम्ही एकलाच जेवत बठनात, आन म्हनात, वा!”

“मंग बोलनी का नही?”

“तो वा दायले नव्हता. माले व्हता. इतलं कयस माले.”

तिने तेलात लसूण टाकला. चर्र झालं.

“हाई देखा, लसूनना वास निंघना,” पळीच्या टोकाने दाखवत ती म्हणाली. “आते तुम्हना डोकावरथीन जाई ऱ्हायना. आते खुंटीवरना सदराले लागना. आते चालना खिडकीमाईन भायेर.”

जीवरामने मान वळवून त्या वासाला खिडकीपर्यंत पोचवलं.