उत्तरेची खिडकी

आईचं बोलणं गेलं तेव्हा तिच्याकडे दोनच गोष्टी उरल्या: डावा हात आणि खिडकी. समोरच्या इमारतीत कौशल्याकाकू राहायच्या. पूर्वी खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये दोघींनी शेजारी शेजारी उभा संसार केला होता. रोज सकाळी काकू गॅलरीत येऊन हात वर करायच्या, आई पलंगावरून डावा हात उचलायची. झालं बोलणं. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

मग माझ्या भावाला, अभिनवला, विज्ञान सुचलं.

"ताई, आईचं डोकं उत्तरेला आहे," तो फोनमधलं होकायंत्र समोर धरून म्हणाला. "पृथ्वीचं मॅग्नेटिक फील्ड रक्तातलं लोह खेचतं. म्हणून रिकव्हरी होत नाहीये."

मी वाघोलीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. त्याला सांगितलं, रक्तातलं लोह म्हणजे खिळे नव्हेत, ते चुंबकाला चिकटत नाही. पृथ्वीचं चुंबकत्व इतकं क्षीण, की तुझ्या फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती त्याच्या शंभरपट जोरदार.

"आणि तुझ्या फोनच्या कव्हरचं झाकण लोहचुंबकानं मिटतं. दिशा त्यानंच फिरलीये. आधी कव्हर काढ."

"सेन्सर आहे तो, ताई. खेळणं नाही."

"मग सकाळचं ऊन बघ. स्वयंपाकघरातून येतं ना? तिकडे तोंड करून उभा राहा, डाव्या हाताला उत्तर. म्हणजे खिडकी. आईचे पाय उत्तरेला आहेत, डोकं दक्षिणेला. सगळं तुझ्या शास्त्राप्रमाणेच आहे."

"सूर्याची जागा बदलत असते," तो म्हणाला. इंजिनिअर आहे.

त्यानं पलंग फिरवला. आईचं डोकं खिडकीखाली गेलं आणि डोळ्यांसमोर कपाट आलं. मी एकदा येऊन परत पहिल्यासारखा केला. पुढच्या रविवारी पाहते तर पुन्हा उलटा. घर त्याचं, आई त्याच्याकडे. बहिणीनं शहाणपण वाघोलीत ठेवून यायचं.

पुण्याखालच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना ते त्या वेळची उत्तर दिशा धरून बसतात आणि पुढे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले तरी सोडत नाहीत. वर्गात हे सांगताना मला हल्ली भावाचं तोंड दिसायचं. पण दगडाला निदान एकदा तरी खरी उत्तर सापडलेली असते.

आई सकाळी डावा हात कपाटाकडे उचलायची. हळूहळू तेही थांबलं. मी ते पाहिलं आणि माझा नुसता संताप संताप झाला. संतापानं पलंग हलत नाही.

श्रावणात ती गेली. काकू जिना चढून आल्या, पलंगाशी थबकल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"वासंती, मी रोज हात करत होते गं. नुसते तिचे केस दिसायचे. मला वाटलं, माझ्यावर रुसली."

गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, खाली जमिनीवर घ्या, मृताचे पाय दक्षिणेकडे करा. सकाळपासून बोलून बोलून तापलेला फोन अभिनवनं कव्हरमधून काढला होता. तोच त्यानं आईजवळ धरला. मग जागेवरच वळून पुन्हा धरला. उत्तर खिडकीकडे होती.

"ताई," तो म्हणाला, "कसं ठेवायचं हिला?"

"आहे तशीच खाली घे," मी म्हटलं. "पाय दक्षिणेकडेच आहेत. ती जिवंत असतानाच करून ठेवलेस तू."