पार्सलगाडीचे डिझेल कुठे गेले?

ज्या वर्षी आमच्या टपाल कचेरीतल्या पार्सलांचे एकूण वजन घटले, त्याच वर्षी पार्सलगाडीला दुप्पट डिझेल लागले.

मित्रांनो, मी त्या कचेरीतला जुना वजनकाटा आहे. पाया ओतीव लोखंडाचा, तबकडी पितळेची. पुस्तके, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, सारे मी तोलले. "माणूस चुकेल, हा नाही चुकायचा," असे पोस्टमास्तर म्हणत. पुढे माझ्यावरची धूळ पुसायचेही कोणाला सुचेना. दर मात्र माझ्याच आकड्यावर ठरत राहिला.

मग घरबसल्या केलेल्या खरेदीची खोकी येऊ लागली. कचेरी खूश होती. डिझेलचा आकडा कळताच सगळ्यांच्या नजरा गाडीचालकाकडे वळल्या. चौकशीला साहेब आले. चोरी ठरली तर चालकाची नोकरी जाणार होती.

"वजन कमी, डिझेल जास्त. मधलं कुठे मुरलं?"

"साहेब, गाडी लगेच भरते. दोन खेपा माराव्या लागतात."

"एवढ्याशा वजनाला दोन खेपा? मला दूधखुळा समजलास?"

साहेबांनी पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवले. मी हादरलो. माझा आकडा अचूक होता. पण जे मी कधी मोजलेच नाही, त्याचा तो पुरावा ठरत होता.

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या एक आजी आल्या. गाडीत जागा न उरल्यामुळे त्यांचे पार्सल कचेरीतच राहिले होते. खोके कवेत मावेना, म्हणून त्यांनी ते तिथेच फोडले. आत हवा भरलेल्या पिशव्या आणि तळाशी शिवणयंत्राची एक बॉबिन.

"अरे, बाकीचं कुठाय?"

"बाकी हवा आहे, आजी. जपून न्या, उडून जाईल," चालक म्हणाला.

आजी हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते खोके उचलून माझ्यावर ठेवले. माझा काटा जेमतेम हलला. साहेब तडक बाहेर गेले आणि त्यांनी गाडीचे दार उघडले. आत बोट शिरायला जागा नव्हती. त्यांनी एकेक खोके उचलून पाहिले. सगळी तशीच हलकी.

"बाप रे!" त्यांच्या तोंडून निघाले. मग चालकाकडे वळून म्हणाले, "तुमच्यावर उगाच आळ घेतला."

मित्रांनो, मापाची निगा राखा. पण ते काय मोजत नाही, हेही विचारत जा. डिझेल कोणी चोरले नव्हते. गाडी जागेने भरत होती आणि दर वजनावर लागत होता. आम्ही हवा वाहत होतो, तीही फुकट.