मुखपृष्ठावरची काळी राणी

मित्रांनो, मी एक जुना कॉमिकचा अंक आहे. 'टेहळ्या' या मालिकेतला नववा. कागद हलका, टाचण्या दोन, रंग थोडे रेषेबाहेर गेलेले. माझ्या जन्माच्या वेळी ही मालिका फारशी खपत नव्हती. तेव्हा छापखान्याच्या मालकाने चित्रकाराला बजावले, "आत काय असायचं ते असू दे. वर असं काहीतरी काढ की माणूस चालता चालता थांबला पाहिजे."

चित्रकाराने काढले. माझ्या मुखपृष्ठावर काळ्या झग्यातली, राणीच्या थाटातली एक बाई छपरावर उभी आहे. तिच्या मागे वीज कडाडते आहे आणि पायाशी लाल अक्षरांत लिहिले आहे, 'ती आली!'

आता खरे सांगतो. आत तशी कोणी राणी नाही. आत एक सुईण आहे. थंडी वाजू नये म्हणून तिने नवऱ्याचा काळा ओव्हरकोट घातला आहे. बाळंतिणीकडे जायच्या घाईत ती भलत्याच गच्चीवर चढते आणि टेहळ्या तिला चोर समजून पकडतो. मग ती त्याला चांगलीच झापते. शेवटी शहराचा हा रखवालदार स्टोव्ह पेटवून पाणी तापवत बसतो. माझी गोष्ट एवढीच. मला ती आवडते.

म्हणजे थाप माझ्या जन्मापासूनच माझ्या अंगावर आहे. पण ती फक्त अंगावर आहे. उघडणाऱ्याला आतले खरे लगेच कळत असे, आणि त्या काळी लोक मला उघडत असत.

मला एका केस कापणाऱ्या बाईने विकत घेतले. तिचे छोटेसे पार्लर होते. डोक्याला कलप लावून बसलेल्या बाईला अर्धा तास कुठे जाता येत नाही. तिने बोलायचे तरी किती आणि आरशात बघायचे तरी किती? म्हणून माझी मालकीण बाकावर आमची चळत ठेवत असे. एखादीचा चष्मा काढून ठेवलेला असला, तर मालकीण स्वतःच मला हातात घेऊन मोठ्याने वाचत असे. सुईणीचा आवाज ती असा काढायची की कात्री चालू असतानाही बायका हसून मान हलवत, आणि मग केस वाकडे कापले जात. तिचे कलपाचे बोट माझ्या अकराव्या पानावर उमटले आहे. तेव्हा त्याला कोणी डाग म्हणत नव्हते.

पार्लरला लागूनच तिच्या नवऱ्याचे किल्ल्यांचे दुकान होते. मध्ये फक्त एक फळी. किल्ली घासता घासता तो पलीकडून ऐकत असे. त्याने मला कधी वाचले नाही. पण तो आवाज आला की त्याची कानस थांबायची, हे मला आणि त्याच्या गिऱ्हाइकांना ठाऊक होते.

मग ती आजारी पडली आणि गेली. याहून जास्त मला सांगता येत नाही. पार्लरचे शटर खाली आले ते तसेच राहिले. फळीच्या फटीतून मला तो दिसत असे. दुपारी डबा उघडला की सवयीने तो अर्धी भाजी झाकणात काढायचा. थोडा वेळ त्या भाजीकडे बघत बसायचा. मग ती परत डब्यात घालून जेवायचा. फळीच्या बाजूला कान करून बसण्याची त्याची सवयही गेली नव्हती.

अशी बरीच वर्षे गेली. माझी पाने पिवळी पडली. एके दिवशी शटर वर गेले आणि त्यांचा मुलगा आत आला. मुलगा म्हणजे चांगला मोठा, कचेरीत नोकरी करणारा. त्याने चळत उपसली, मला बाहेर काढले आणि माझी धूळ पुसण्याआधी माझा फोटो काढला. इतका मान मला कोणी दिला नव्हता. मी फुगलो. ती माझी चूक झाली, मित्रांनो, कारण त्याने मला उघडले नाही.

झाले होते असे. हा मुलगा फोनवरच्या एका गटात होता. तो गट चालवणाऱ्याला सगळे खबरदादा म्हणत. कुठल्या जुन्या कॉमिक्सचा भाव चढणार, कुठल्याचा पडणार, हे खबरदादा सांगे. फुकट ऐकणाऱ्यांना शिळी बातमी आणि वर्गणी भरणाऱ्यांना ताजी, असा त्याचा हिशोब होता. त्या आठवड्यात वर्गणीदारांना बातमी मिळाली की 'टेहळ्या' मालिकेतल्या काळ्या राणीवर सिनेमा येतो आहे आणि ती पहिल्यांदा दिसते नवव्या अंकात. म्हणजे माझ्यात!

मग काय, एका कानाचे दुसऱ्या कानाला आणि दुसऱ्याचे बाजाराला. माझी भावंडे माळ्यांवरून, रद्दीतून, पलंगाखालून बाहेर निघाली. मुलाने मला तपासणीला पाठवले. तिथून मी कडक पारदर्शक डबीत बंद होऊन परत आलो. चारही कडा चिकटवलेल्या, वर माझ्या अवस्थेचे गुण छापलेले.

"दहापैकी साडेतीन?" बाप डबी हातात घेऊन म्हणाला. "नापास झाला की रे हा."

"आईनं कलपाचे हात लावून ठेवलेत ना, बाबा. नाहीतर सात कुठं गेले नव्हते."

"आणि आता वाचायचं कसं?"

"वाचायचं नसतं. ठेवायचं असतं."

"ठेवून काय, मुरणार आहे का ते?"

मुलगा हसला. मग खुर्ची ओढून त्याने मनातले सांगितले. रविवारी जुन्या कॉमिक्सचा मोठा बाजार होता. खबरदादा आपल्याजवळचे नवव्या अंकांचे अख्खे गाठोडे तिथे विकणार होता, खास वर्गणीदारांना. ते घ्यायचे, सिनेमा येईपर्यंत धरून ठेवायचे आणि मग विकायचे. त्यासाठी आईचा पार्लरचा गाळा विकायचा. समोरचा चपलांचा दुकानदार कधीपासून मागतच होता. फक्त बापाची सही हवी होती.

"काळी राणी यात पहिल्यांदा येते, बाबा. असा अंक रोज सापडत नाही."

"कसली राणी? ती सुईण आहे. तुझी आई वाचायची. मी फळीपलीकडून किती वेळा ऐकलंय. ती त्याला ओरडते, 'बघत काय बसलास, पाणी तापव!'"

"तो दुसरा कुठला तरी अंक असेल. तुम्ही ऐकलंय नुसतं. तेही किल्ल्यांच्या खरखरीत."

"तुझ्या खबरदादानं वाचलंय का?"

"तो माहितीचे पैसे घेतो, बाबा. उगाच घेईल का?"

पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटे नाही. घरात फुकट मिळालेली माहिती हलकी आणि पैसे मोजून घेतलेली वजनदार! मी डबीत होतो. एक पान जरी हलवता आले असते तर मी हलवले असते.

बापाने डबी खाली ठेवली. गाळ्याचे त्याला वाईट वाटत होते, पण त्यासाठी त्याने मुलाला कधी नकार दिला नसता. त्याला आतून कुरतडत होते ते वेगळेच. तिचे बोलणे त्याला अजून आठवत होते, असे तो इतके दिवस समजत होता. आता मुलगा म्हणतो की ते असे नव्हतेच. मग आपण फळीपलीकडून ऐकले ते काय? आणखी काय काय चुकीचे ऐकले? त्या आठवड्यात दुपारी तो फळीकडे पाठ करून जेवला.

रविवारी एका मोठ्या सभागृहात टेबलांच्या रांगा लागल्या होत्या. प्रत्येक टेबलावर दिव्याखाली डब्या आणि डब्यांत माझ्यासारखे कोंडलेले अंक. इतकी कॉमिक्स एका जागी आणि वाचणारा एकही नाही. चपलांचा दुकानदार कागद घेऊन आला होता. खबरदादा गाठोड्यावर हात ठेवून उभा होता. माणूस वाईट दिसत नव्हता. घाम आलेला, घसा बसलेला.

"करा सही, बाबा," मुलगा हळूच म्हणाला.

बापाने पेन घेतले, टोपण काढले आणि परत लावले. पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवले.

"एकदा बघू दे."

"वरून बघा ना."

"वरून किती वर्षं बघणार?"

त्याने खिशातून बारीक कानस काढली.

"बाबा, डबी फोडली की गुण गेले. किंमत गेली."

"साडेतीनच होते रे. बापाला याहून कमी पडायचे शाळेत."

कट् असा आवाज झाला. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पानांत जो वारा शिरला, तसा वारा मी छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हाही शिरला नव्हता. त्याने चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत, एकेक शब्द जुळवत तो गेला आणि अकराव्या पानावर पोचला. तिथे तिचे बोट आधीच होते. त्याने आपले बोट त्याच्या शेजारी ठेवले आणि वाचले.

"बघत काय बसलास. पाणी तापव."

"बरोबर ऐकलं होतं मी," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, ते मला कळले.

एव्हाना चार माणसे जमली होती. एकाने विचारले, "राणी कितव्या पानावर आहे हो?"

बापाने सगळी पाने उलटून दाखवली. पुढून मागे आणि मागून पुढे. सुईण होती, टेहळ्या होता, स्टोव्ह होता. राणी नव्हती.

"हा अंक नकली असणार," खबरदादा म्हणाला.

"मग तुमचा एक उघडा."

"सीलबंद माल उघडत नाहीत."

"माझा मी उघडते," मागून एक बाई म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती आणि आजच तिने एक डबी घेतली होती. "रोज तोंडं उघडते, हे काय अवघड आहे?" तिने टेबलाच्या कडेवर डबी मोडली, चाळली आणि मोठ्याने हसली. "ओव्हरकोट आहे हा. बाईनं नवऱ्याचा कोट घातलाय."

सगळ्यांच्या माना खबरदादाकडे वळल्या. मुलाने विचारले, "दादा, तुम्ही वाचला होता ना?"

खबरदादाने रुमालाने मान पुसली. "मला माझ्या वरच्यानं सांगितलं. मीसुद्धा वर्गणी भरतो."

"आणि त्यानं?"

"त्यालाही कोणीतरी वरचा असेलच की."

आधी कोणीतरी फिसकन हसले, मग सगळी रांग हसली. मुलगा मात्र हसला नाही. त्याने सहीचा कागद उचलून चपलांच्या दुकानदाराला परत दिला.

"गाळा राहू दे, काका."

"राहू दे म्हणजे? मी दुकान बंद ठेवून आलोय."

"आलाच आहात तर आता गोष्ट ऐकून जा," बाप म्हणाला.

मला वाटले, आता गर्दी पांगणार. बातमी मेली होती, माझी किंमत कागदाएवढी उरली होती. पण कोणी हलेना. डब्यांकडे पाठ करून ते उभे होते. शेवटी घसा बसलेल्या आवाजात खबरदादाच म्हणाला, "पण मग बाळाचं काय होतं?"

"असं मधूनच नाही सांगत," बाप म्हणाला. "पहिल्यापासून वाचतो."

त्याने वाचले. अडखळत सुरुवात केली, पण सुईण आली आणि त्याचा आवाज बदलला. कानस थांबवणारा तो आवाज त्याला पाठ होता. कोणी गाठोड्यावर बसले, कोणी जमिनीवर. टेहळ्याच्या हातून पातेले निसटते तिथे मुलगा मोठ्याने हसला. त्याला असे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. बाळ जन्मले तेव्हा अख्ख्या सभागृहात टाळ्या पडल्या. मित्रांनो, माझ्या भावंडांना मोठमोठे भाव मिळाल्याचे मी ऐकले आहे. टाळ्या कोणालाही मिळालेल्या नाहीत.

तेव्हापासून मी एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो आहे. एक टाचणी निखळली आहे, कण्याला चिकटपट्टी लागली आहे, आणि आता मला कोणी साडेतीनही देणार नाही. मी मजेत आहे.

तुमच्याजवळ माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला ओल्या हाताने धरू नका, पान दुमडू नका, उन्हात टाकू नका. पण त्याला कोंडूनही ठेवू नका. उघडा. आणि माझ्याबद्दल कोणी तुम्हाला काही सांगू लागला, फुकट असो की पैसे घेऊन, तर त्याला शांतपणे एवढेच विचारा, "तू वाचलंस का?" तो गप्प बसला तर त्याला हसू नका. थोडे सरका, त्याला जागा द्या आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवा.