तारेवरचा बगळा

ताईची कार्टून्स शास्त्रीय संगीतावर चालतात. त्यांत कुणी चकार शब्द काढत नाही. या कार्टूनमध्ये बगळा तारेवर एका पायावर उभा राहतो आणि पडद्याखाली बसून आमचा वाद्यवृंद वाजवतो. माझ्या बासरीचा लांब सूर संपला की बगळा धपकन चिखलात पडतो, मोठा ढोल वाजतो आणि लोक हसतात. ही सगळी गंमत माझ्या दमावर बेतलेली. माझा सूर रेकॉर्ड करून, तो संपेपर्यंत पुरतील एवढी चित्रं ताईनं हातानं काढली होती.

मग माझ्या फुप्फुसांनी दगा दिला. आजारातून उठून परत आले तेव्हा आमचे संचालक, म्हणजे छडीवाले, तोंडावरच म्हणाले, "आजच्या खेळात तो सूर पुरला तर जागा तुझी. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." माणूस कडू, पण शब्दाचा पक्का.

थिएटर खच्चून भरलं होतं. छडी वर गेली, मी सूर लावला. बगळ्यानं एक पाय उचलला. छाती जळायला लागली, घशात खवखव सुरू झाली. 'खोकलीस तर बघ,' मी स्वतःलाच दटावलं. अजून बराच सूर बाकी होता.

आणि बगळा पडला.

मला काही कळेचना. ढोलवाला हात उगारून माझ्याकडे बघत राहिला. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बगळा लवकर पडावा म्हणून ताईनं गुपचूप काही चित्रं कापली होती. माझा दम पुरणार नाही, हे ती धरूनच चालली होती. मी तिथेच थांबले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण माझं डोकं फिरलं. मी रिकाम्या तारेकडे बघत वाजवत राहिले, पार शेवटापर्यंत. मग ढोल वाजला. कुणीही हसलं नाही.

पडद्यामागे ताई उभी होती, चेहरा पांढराफटक.

"तुझी नोकरी जाऊ नये म्हणून केलं गं."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस?"

तेवढ्यात छडीवाले आले. "जागा तुझी," ते मला म्हणाले, आणि ताईकडे वळून, "बगळा होता तसा करा."

ताईनं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. नोकरी राहिली होती, तरी मला रडू आवरेना. माझा दम किती, हे जगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिचाच माझ्यावर भरवसा नव्हता.