आपोआप लागणारं कुलूप

"दार उघडा हो! उघडा!"

शिंपीण चर्चच्या दारावर थपडा मारत होती आणि मागून तिचा नवरा तिला लोखंडी गजानं झोडपत होता. समोरच्या दुकानातून चावीवाला हातोडी घेऊनच धावला. पहिल्या घावात त्यानं नवऱ्याचा खांदा मोडला, दुसऱ्यात जबडा. गडी आडवा झाला, तरी चावीवाल्याचा हात थांबेना. इतकी वर्षं गिळलेला राग एकदम वर आला होता.

आतून त्याचा थोरला भाऊ, या चर्चचा पाळक, दार बडवत होता. "अरे, हे उघडत नाहीये! तिचा आवाज बंद झालाय रे!"

तेव्हा कुठे चावीवाल्याला खिशातली किल्ली आठवली.

हे दार कधीच बंद नसे. नवऱ्यानं हात उचलला की शिंपीण धावत यायची, दार ढकलून आत शिरायची. पण गेल्या महिन्यात चर्चमध्ये शिरलेल्या चोरांनी थोरल्याचं डोकं फोडलं. टाके पडले तरी त्याचं आपलं पालुपद तेच, "देवाच्या घराला कुलूप कसलं?"

"देव नाही दादा, म्हणून तर कुलपं लागतात," धाकटा म्हणायचा. मिसरूड फुटल्यापासूनचा हा वाद जेवताना सुरू व्हायचा आणि खरकटे हात वाळले तरी संपायचा नाही. शेवटी त्याच दिवशी दुपारी, थोरला बाहेर गेलेला पाहून धाकट्यानं आपोआप लागणारं कुलूप बसवलं आणि दार नुसतं टेकवून ठेवलं. संध्याकाळी सांगू, चार शिव्या खाऊ, असा बेत होता. थोरला परतला, आत गेला आणि मागे खटका पडला. आतून कळ दाबायची असते, हे त्याला कोण सांगणार?

पोलिसांनी नवऱ्याला नेलं, चावीवाल्यालाही नेलं. तो जामिनावर सुटून आला तेव्हा शिंपिणीला पुरून झालं होतं. थोरला पायरी घासत बसला होता.

"कुठे होता तुझा देव?" चावीवाला ओरडला. त्याला भांडण हवं होतं. थोरल्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"इथेच. या पायरीवर मार खात होता."

"इथे एक बाई होती, दादा. देव-बिव कोणी नव्हता."

"मी तरी दुसऱ्या कोणाबद्दल बोलतोय रे?" थोरल्याचा आवाज फाटला. "मी दाराच्या आत होतो."

चावीवाल्यानं कुलूप उपसून काढलं. लाकडात भोक राहिलं, ते त्यानं बुजवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दुकानातलं स्टूल घेऊन दारापाशी येऊन बसला.

"हे काय?" थोरल्यानं विचारलं.

"वर कोणी नाही ना. मग खाली कुणीतरी बसायला नको?"

थोरला आत गेला. त्यानं चहा आणून दिला. आत प्रार्थना सुरू झाली, तेव्हा चावीवाला दाराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत होता.