दुसऱ्या भागापासून

…डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा तो स्क्रू, चष्म्याच्या काडीचा, चिमट्याच्या टोकावर अगदी नीट बसलेला — आणि नेमका तेव्हाच हात हलला. स्क्रू टेबलावर टणकन आपटून कुठेतरी गडप झाला. तीस वर्षं या धंद्यात काढली, हात कधी हलला नव्हता. आज हलला, कारण आपण गुणगुणत होतो. आणि गुणगुणत होतो ते त्याचं. कल्लेवाल्याचं.

"काय हो, आज स्वारी खुशीत दिसतेय!" चष्म्यासाठी खोळंबलेले निवृत्त मास्तर म्हणाले.

खुशीत! अंगाची लाही होतेय आणि म्हणे खुशीत. पण गिऱ्हाइकापुढे हसावं लागतं, तो हसला. डबीतून दुसरा स्क्रू काढला, काडी बसवली, मास्तरांच्या नाकावर चष्मा ठेवून पाहिला. चार वेळा "हं, हं" करून मास्तर गेले. घड्याळात अडीच वाजले होते. बुधवार. चार वाजता घरी ती मागच्या खोलीचं दार लावून घेईल.

ती म्हणजे त्याची बायको. यात चोरटं काही नव्हतं, आणि दुखणं तेच होतं… मागल्या हिवाळ्यात अंगात कणकण होती म्हणून तो दुपारीच घरी गेला, तर मागच्या खोलीचं दार बंद आणि आत ते सुरू — पियानो, व्हायोलिन, आणखी काहीतरी जाड आवाजाचं. दारावर ठेवलेला हात त्याने मागे घेतला. तासाभराने ती बाहेर आली. चेहरा असा, की जणू कुणीतरी तिचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. त्याला बघून म्हणाली, "अगबाई, तुम्ही? ताप आहे की काय?" आणि तो चेहरा गेला. त्याच्यासमोर, त्याच्यामुळे, दिवा मालवावा तसा गेला.

"काय ऐकत होतीस?"

"असंच हो. जुना आहे एक संगीतकार. फारसं कुणी ऐकत नाही त्याला."

असंच! दर बुधवारी, तासभर, दार लावून — असंच. ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने रेकॉर्डचं पाकीट उचलून वरचं चित्र पाहिलं होतं. हनुवटीपर्यंत उतरलेले कल्ले, गळ्याखाली चरबी, झोपाळू डोळे. नंबर निदान तीनचा असणार आणि चष्मा नाही. म्हणजे गडी दिमाखवाला होता. मरून दीडशे वर्षं झालेली. आपल्या काळातल्या बड्या मंडळींच्या गर्दीत मागे राहिलेला, नंतर कुणी आठवणही न काढलेला. अशा माणसावर जळायचं? बाईच्या वाट्याला हे आलं तर निदान सवत म्हणून बोटं मोडता येतात; पुरुषाला तेवढा शब्दसुद्धा नाही. जिवंत असता तर दोन शब्द सुनावले असते. मेलेल्या माणसाचं काही चुकतच नाही. तो दमून येत नाही, घोरत नाही, बिल भरायला विसरत नाही. बुधवारी चार वाजता अगदी ताजातवाना हजर होतो.

म्हणून तो रेकॉर्डच्या दुकानात गेला. तिथली बाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होती, तो त्याने दाखवून दिला आणि मग धीर करून विचारलं, "याला ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?"

ती जरा चमकली. त्याला कुणी मागत नसावं. "सिम्फनीपासून करू नका. तिथे तो लोकांवर छाप पाडायला बघतो, आणि पडत नाही. हा ट्रिओ घ्या. पियानो, व्हायोलिन, चेलो. त्यातलाही पहिला भाग राहू दे, दुसऱ्यापासून ऐका." मग पैसे घेता घेता म्हणाली, "पण ज्यांनी नाव सुचवलं, त्यांनाच का नाही विचारलंत?"

तो सुटे पैसे खिशात टाकून बाहेर पडला. बायकोला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, प्रेमाने सांगितलं असतं. पण मला सांगायला नको होतं. मला तिथे आधीच असायला हवं होतं.

तीन महिने तो काचा घासायच्या खोलीत एका जुनाट प्लेअरवर ते ऐकत राहिला. सुरुवातीला सगळं खुर्च्या सरकवल्यासारखं वाटायचं. मग त्याने डोळे तपासायच्या आपल्या सवयीने धरलं — हे स्पष्ट की ते? आधीचं बरं की आताचं? आणि सातव्या आठवड्यात, काचेची कड पाण्यात बुडवताना, चेलो, तो जाड आवाजवाला, एकटा उरला. त्याने काहीतरी विचारलं आणि पियानोने उत्तरच दिलं नाही. नुसता थांबला. त्याचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी त्याच्या मनात आलं ते हे — म्हणजे हिला दर बुधवारी एवढं मिळत होतं! एवढं! आणि मला एका शब्दाने नाही…

साडेतीनला त्याने दुकान बंद केलं. वाटेत तो वाक्य घोळवत होता. दार वाजवलं तेव्हा आत पहिला भाग सुरू होता.

"अहो, लवकर?"

"तो दुसरा भाग," तो म्हणाला, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला, "चेलो एकटा राहतो ना, आणि पियानो त्याला थांबवून ठेवतो — ती जागा फार छान आहे."

तिचा हात रेकॉर्डच्या पाकिटावर गेला. पत्र लिहिताना कुणी आलं की आपण हात ठेवतो, तसा. मग तिचं तिलाच कळलं असावं. हात काढून ती हसली.

"तुम्ही ऐकलंत?"

"तीन महिने. दुकानात."

"मला बोलला नाहीत." तिने पाकीट बाजूला ठेवलं. "या ना मग. आत या. बसा."

तिने त्याला आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. जिंकलो, असं त्याच्या मनात आलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा या वेळी या खोलीत मी आहे. दुसरा भाग सुरू झाला. ती मध्येच उठली, आवाज थोडा कमी केला. "मोठा नाही ना होत?" मग उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर येतेय म्हणून पडदा ओढला. मग विचारलं, "आवडतंय ना?" ती जागा आली, चेलो एकटा उरला… आणि त्याने पाहिलं, ती ऐकतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. पाहुण्याला नीट वाढलं गेलंय ना, अशा नजरेने. तो चेहरा, ज्याच्यासाठी एवढं केलं, तो या खोलीत नव्हताच.

"पुढच्या बुधवारीही याल ना?" तिने विचारलं. मनापासून विचारलं, हेच वाईट.

आता उठावं. दुकानात काम राहिलंय म्हणावं, बाहेर जाऊन दार ओढून घ्यावं. काही अवघड नव्हतं. बाहेर गेलो की ती ऐकणारी बाई परत येईल, कदाचित पुढच्या बुधवारी नाही, पण महिन्याभराने येईल, या खुर्चीत बसेल, आणि तिचा चेहरा तसा होईल. आणि मी दाराबाहेर असेन.

"येईन की," तो म्हणाला, आणि खुर्चीत अधिकच मागे सरून बसला.