चव्वेचाळिसावं कार्ड

दुपारच्या शांततेत काळ्या पडद्यावरून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत होत्या, भिंतीवरून मुंग्या दाणे नेतात तशा. धर्मपाल गालाला हात लावून बघत बसला होता. बाभुळगावच्या वाचनालयातून निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती; पण या ओळी पाहताना त्याला वाटलं, दूर कुठंतरी कोणी आपल्यासाठी कपाटं उभी करतंय, फळ्या ठोकतंय.

ते दूर म्हणजे कुठं, हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. भाड्यानं घेतलेला सर्व्हर, म्हणजे कुठल्याशा मोठ्या यंत्राचा लहानसा वाटा. त्यावर लिनक्स, यंत्र चालवणारी प्रणाली, आणि लिनक्सवर तो आज चढवत होता आवाज जपून ठेवण्याचं एक ओपन-सोर्स सॉफ्टवेअर. कोणीही न्यावं, उघडून पाहावं, जमलं तर सुधारून परत ठेवावं. ही रीत त्याला वाचनालयासारखी वाटली, म्हणून तर या वयात हिंमत झाली. तरी प्रत्येक आज्ञा तो आधी वहीत उतरवी, दोनदा वाची, आणि एंटर दाबताना डोळे मिटून घेई.

संग्रहात आवाज एकच होता. मुकुटबनकडच्या पोडावर, कोलामांच्या वस्तीत, मानीबाई राहायची. दोन हिवाळे तिच्या अंगणात बसून त्यानं तिच्या कोलामी गोष्टी मोबाईलमध्ये भरून घेतल्या होत्या, त्रेचाळीस. गोष्ट सुरू करताना ती हातातलं कडं जर्मनच्या गंजावर, ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर, एकदा वाजवी. संपली की दोनदा. पुढं तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. धर्मपालनं गोष्टी सर्व्हरवर ठेवल्या, आणि आठवड्याच्या आत मोबाईल पाण्याच्या टाक्यात पडला. आता मानीबाईचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. आज चार वाजता तिची नात तिला तो ऐकवणार होती.

अडीचला काम झालं. त्रेचाळीस नावं ओळीनं उमटली. पहिल्यावर बोट ठेवताच कडं वाजलं, टक्. धर्मपालला गंजातल्या ऊन पाण्याची वाफ दिसल्यासारखी झाली.

शेवटचं पान फायरवॉलचं होतं, नको ती दारं बंद करण्याचं. आधी स्वतःचं दार मोकळं ठेवा, असं तिथं वरच लिहिलं होतं. पण दारं बंद करा एवढं वाचलं आणि हात आपोआप चालला. यंत्रानं विचारलंदेखील, चालू जोडणी तुटू शकते, पुढे जाऊ का? त्यानं हो म्हटलं. आत होता तोवर चूक सुधारता आली असती. पण चौतीस वर्षं वाचनालयाला कुलूप लावून, बाहेर येऊन, ओढून पाहिल्याशिवाय तो घरी गेला नव्हता. तो सर्व्हरमधून बाहेर पडला आणि कुलूप ओढून पाहिलं.

कुलूप पक्कं होतं. तो आत जाऊ शकेना. संग्रहही कुणाला उघडेना.

त्याची बायको नलू चहा घेऊन आली. "काहून जी, असे काहून बसले?"

"मी मलेच बाहेर ठेवून कुलूप लावलं, नलू."

"मग मागचं दार नाही का तुमच्या त्या घराले?"

होतं. भाड्यानं देणाऱ्यांच्या पानावर कन्सोल होता; तिथून थेट यंत्रासमोर बसल्यासारखं आत शिरता येई. पण त्याला पासवर्ड लागे. तो पहिल्या दिवशी एका कार्डावर लिहून, चोराला कळू नये म्हणून, वाचनालयानं मोडीत काढलेल्या कार्डांच्या खणात लपवला होता. कोणत्या नावाखाली, ते मात्र आठवत नव्हतं. नव्यानं सगळं उभारायचं तर आतलं सारं पुसलं जाणार होतं.

"चोराले नाही सापडलं अन् तुमालेही नाही," नलू म्हणाली. "सरका तिकडं."

खण खाटेवर उलटा झाला. तो 'कुलूप' पाहत होता, 'यंत्र' पाहत होता, आणि आपण हे काम हाती घ्यायलाच नको होतं असं मनाशी म्हणत होता. मानीबाईच्या प्रत्येक गोष्टीचं त्यानं एकेक कार्ड केलं होतं; नलू तो गठ्ठा मोजत होती.

"मानीबाईनं गोष्टी किती सांगतल्या होत्या म्हणता?"

"त्रेचाळीस."

"इथं चव्वेचाळीस हायेत जी."

शेवटच्या कार्डावर त्याच्याच अक्षरात गोष्टीचं नाव होतं, 'न सांगितलेली गोष्ट'. खाली अक्षरं-आकड्यांची लांबलचक रांग.

त्यानं ती एकेक अक्षर बोट ठेवून टाईप केली. आत शिरल्यावर एक दार स्वतःसाठी उघडलं आणि दोन दारं ऐकणाऱ्यांसाठी. या वेळी तो बाहेर आला नाही. बाहेरून उघडतं का, ते नलूनं तिच्या मोबाईलवर पाहिलं.

चार वाजता नातीनं धर्मपालला फोन लावून तो मानीबाईच्या उशाशी ठेवला आणि पहिली गोष्ट लावली. ठाऊक नसलेल्या कुठल्याशा गावातून पोडावर जाऊन, फोनवरून फिरून आलेला तो आवाज बाभुळगावच्या खोलीत पसरला. धर्मपालला कोलामी अर्धीच समजे. तो डोळे मिटून जणू तिच्या अंगणातच बसून राहिला. गोष्ट संपली. टक् टक्.

आवडलं की नाही, असं विचारायला त्याचा धीर होईना.

तेवढ्यात फोनमधून कडं वाजलं. एकदाच.

"पुढची लावायला सांगते आजी," नात म्हणाली.